फाडलेली साठ पानं

"आम्हाला बाई रक्त बघवत नाही," असं म्हणणाऱ्या बायका जिम्नॅस्टिक्स मात्र आवडीनं बघतात, याची मला फार गंमत वाटते. त्यांना चमकीचे कपडे दिसतात, घट्ट बांधलेला अंबाडा दिसतो आणि शेवटी दोन हात वर करून केलेलं हसू दिसतं. अगं बायांनो, ती पोरगी उडी मारून खाली येते तेव्हा तिच्या घोट्यांवर तिच्या वजनाच्या दहा-बारा पट भार पडतो. बारवर फिरून फिरून तळहाताची साल निघते, तर त्यावर थुंकी लावून वरून खडूची पूड चोळतात आणि पुन्हा लोंबकळतात. ही सरळसरळ मारामारी आहे. समोर कुणी नसतं, म्हणून स्वतःच्याच हाडांशी करावी लागते. मला हा खेळ त्यासाठीच आवडतो आणि हे सांगायला मला लाज वाटत नाही.

मी मालन बेडगकर. वय त्रेसष्ट. सांगलीच्या कोर्टात चौतीस वर्षं लघुलेखक होते. साक्षीदार बोलायचा आणि माझा हात लिहायचा, मी मात्र कागदाकडे बघायचे नाही, साक्षीदाराच्या तोंडाकडे बघायचे. हीच सवय मला स्पर्धांना कामी आली. पोरगी धावायला लागली की माझे डोळे तिच्यावर आणि हात वहीवर. खांदे कुठे होते, गुडघे किती वाकले, कुठलं पाऊल आधी टेकलं, सगळं चिन्हांत. तालुका, जिल्हा, राज्य, राष्ट्रीय, जिथे कॅमेरा फिरकलासुद्धा नाही अशा सगळ्या स्पर्धांना मी रजा टाकून गेले. अशा एकशे चौदा वह्या झाल्या.

या खेळाचे नियम दर चार वर्षांनी बदलतात आणि मी दर चार वर्षांनी भडकते. उडी मारताना हात टेकायचा घोडा गेला आणि तिथे टेबल आलं, तेव्हा भडकले. दहापैकी दहा गुण गेले आणि अवघडपणाचे वेगळे, सफाईचे वेगळे आले, तेव्हा दोन दिवस जेवले नाही. मग ते नियम पाठ केले आणि त्यांच्याच प्रेमात पडले. सासुरवाशिणीसारखं आहे माझं, नांदायचं तर आहेच.

एक गोष्ट मात्र मी कधी लिहून ठेवली नाही. बारा वर्षांची असताना जिल्हा स्पर्धेत माझ्या वर्गातली एक मुलगी घोड्यावरून डोक्यावर पडली. तिच्या कानातून रक्त आलं आणि ती पुन्हा शाळेत आली नाही. तिची उडी मी वहीत लिहिली होती. आई म्हणाली, "असलं लिहून ठेवू नये, पुन्हा घडतंय." आम्ही ते पान फाडलं आणि घाटावर जाऊन कृष्णेत सोडलं. तेव्हापासून ती रीतच झाली. पोरगी पडली, उठली, डोळे पुसले, तर पान राहायचं. स्ट्रेचर आलं की पान कृष्णेत. पन्नास वर्षांत अशी साठ पानं गेली.

आता गादीबद्दल सांगते, कारण सगळा घोळ तिथून सुरू होतो.

पुण्याच्या डॉ. यामिनी पारसनीस आणि त्यांच्या माणसांनी ती बनवली. लोक तिला जागती गादी म्हणतात. आत तेलासारखा एक द्रव असतो आणि त्यात लोखंडाची पिठासारखी बारीक पूड. गादीखालच्या वेटोळ्यांत वीज सोडली की चुंबक तयार होतो, पूड साखळ्या धरून उभी राहते आणि द्रव क्षणात घट्ट होतो. वीज कमी केली की पुन्हा पातळ. म्हणजे तीच गादी हवी तेव्हा फरशी आणि हवी तेव्हा कापूस.

पण कधी फरशी व्हायचं आणि कधी कापूस, हे तिला कळायला हवं. त्यासाठी चोवीस कॅमेरे. टेबलावरून हात सुटले की पोरीच्या अंगात जेवढं फिरणं आहे तेवढंच राहतं. हवेत धरायला काही नसतं, त्यामुळे ते कमीजास्त करता येत नाही. अंग आखडलं तर गिरकी जलद होते, पसरलं तर संथ, एवढंच हातात. म्हणून हात सुटताक्षणी यंत्र हिशेब मांडतं, की अशा अवस्थेतून सुटलेल्या शंभर पोरींपैकी किती पायांवर उभ्या राहतील. नव्वदच्या वर असतील तर गादी कडक राहते, म्हणजे पाय रोवता येतात. कमी असतील तर पोरगी पोचायच्या आधी गादी मऊ होते आणि तिला पोटात घेते. मान वाचते. पण गादी मऊ झाली म्हणजे पडली असं धरायचं आणि उडीला शून्य द्यायचं, हा नियम.

मान मोडत नाही म्हटल्यावर बंदी घातलेल्या सगळ्या उड्या परत आल्या. कसरती अशा व्हायला लागल्या की लिहिताना माझा हात मागे पडायचा. पण पहिल्याच वर्षी राष्ट्रीय स्पर्धेत आगरतळ्याच्या एका मुलीखाली गादी मऊ झाली. हात सुटताना खांदे जरा मागे राहिले होते, बस. तशा अवस्थेतून उभ्या राहिलेल्या पोरी मी डझनांनी बघितल्या होत्या. ती कमरेपर्यंत गादीत बुडून रडत होती आणि फलकावर शून्य. प्रेक्षकांनी खुर्च्या फेकल्या. मी पाण्याची बाटली फेकली, भरलेली, स्टीलची. ती एका पंचाच्या कपाळाला लागली आणि त्याला चार टाके पडले. मला पश्चात्ताप वगैरे काही झाला नाही.

महिन्याभरानं डॉ. पारसनीस सांगलीत माझ्या दारात उभ्या राहिल्या.

"बाटली मारणाऱ्या बाई तुम्हीच ना?"

"हो. तुमच्या गादीला नेम लागत नव्हता, म्हणून पंचाला मारली."

त्या हसल्या. त्यांच्या यंत्राला मोठमोठ्या स्पर्धांची चित्रणंच शिकवलेली होती, त्यात अशी अर्धवट सुटलेली उडी क्वचितच. उदाहरणं कमी, म्हणून यंत्र घाबरट. त्यांना माझ्या वह्या हव्या होत्या. पाच महिने मी माझी चिन्हं वाचून दाखवली आणि त्यांनी यंत्रात भरली. खांदे मागे राहून सुटलेल्या सत्त्याऐंशी उड्या निघाल्या. ब्याऐंशी उभ्या, पाच पडलेल्या. शंभरात चौऱ्याण्णव.

शेवटच्या दिवशी त्यांनी एका वहीच्या शिवणीत बोट घातलं. तिथे फाटलेल्या कागदाची कड होती.

"हे काय?"

"खराब झालेली पानं."

"बाकी सगळं आहे ना यात?"

"सगळं आहे," मी म्हणाले. मला ते खरंच वाटत होतं.

जागतिक समितीनं हिशेबाचा नवा तक्ता मंजूर केला आणि जगातल्या प्रत्येक जागत्या गादीत माझ्या वह्या गेल्या. आता खांदे मागे राहिले तरी गादी कडक राहायची आणि पोरी उभ्या राहायच्या. जिल्हा संघटनेनं मला शाल आणि नारळ दिला. तो नारळ मी फोडलाच नाही, देवघरात ठेवला.

सांगलीत दाभोळे सरांच्या हाताखाली तेव्हा दोन मुली तयार होत होत्या. एक मिरजेची हिना सितारमेकर, तिच्या घरी तंबोरे बनवतात. दुसरी आमच्या शेजारची गौतमी कांबळे. तिचे वडील भीमराव एसटीच्या डेपोत मेकॅनिक. सहा वर्षांची असताना ती पाण्याच्या टाकीवरून वाळूच्या ढिगात उड्या मारायची. मीच तिचा कान धरून तिला व्यायामशाळेत नेलं. बारा वर्षं तिच्या हाताच्या फोडांना मी हळद लावलीय. मला मूलबाळ नाही, आणि ती मला मावशी म्हणायची.

दोघींच्या डोक्यात एकच खूळ होतं. टेबलावर हात टेकून पुढच्या दिशेनं सलग तीन कोलांट्या. ही उडी जगात कुठल्याही बाईनं केली नव्हती. मोठ्या स्पर्धेत जी पहिल्यांदा करेल तिचं आडनाव त्या उडीला मिळतं आणि नियमपुस्तकात छापलं जातं.

आशियाई स्पर्धेच्या निवड चाचणीत हिनाची पाळी आधी आली.

मी पहिल्या रांगेत होते. ती धावली, उसळत्या फळीवर आदळली, टेबलावरून सुटली. खांदे मागे राहिले. माझ्या हातानं त्याचं चिन्ह काढलं आणि मी मनात म्हटलं, होईल उभी, चौऱ्याण्णव आहे. दोन कोलांट्या झाल्या, तिसरी अर्धी राहिली. गादी कडक होती. हिना मानेवर आली. भुईमुगाची वाळकी शेंग फोडावी तसा बारीक आवाज झाला, आणि मग वरून सगळं अंग त्या मानेवर दुमडलं. तिचे दात जिभेत रुतले होते. तोंडातून रक्ताचा फेस येत होता आणि डोळे टक्क उघडे होते, इकडून तिकडे फिरत होते. हात-पाय मात्र कुणीतरी टाकून दिल्यासारखे पडले होते. तिचे अब्बा कठडा ओलांडून धावले, तर दोन रक्षकांनी त्यांना जमिनीवर दाबून धरलं. एकाचा गुडघा त्यांच्या पाठीत होता आणि ते फरशीवर कपाळ आपटत होते.

हिना जगली. मानेखाली मात्र काही राहिलं नाही. चौकशीत ठरलं, की तिचं कोपर वाकलं होतं. चूक खेळाडूची.

सांगलीला परतल्यावर मी सवयीनं तिचं पान फाडलं आणि घाटावर गेले. दुपारचं ऊन होतं, बायका धुणं धूत होत्या. मी पायरीवर वाकून कागद पाण्यावर धरला आणि माझा हात तिथेच थांबला.

हिनाचं पान मी नदीत सोडत होते, म्हणजे ते यंत्रात जाणार नव्हतं. याआधीची साठही गेली नव्हती. ज्या पोरी उभ्या राहिल्या त्या सगळ्या माझ्या वहीत होत्या. ज्या किरकोळ पडल्या त्याही होत्या. ज्यांच्या माना आणि पाठी मोडल्या त्या मीच एकेक करून बुडवल्या होत्या. माझ्या वह्या वाचून यंत्राला वाटलं, खांदे मागे राहिलेली पोरगी कधी मरतच नाही. एक अक्षरही खोटं मी लिहिलं नव्हतं. मी फक्त प्रेमानं पानं फाडली होती.

मी कागद पाण्यातून वर ओढला आणि भर उन्हात पायरीवर बसून राहिले. एक बाई म्हणाली, "आज्जी, ऊन लागलं व्हय? सावलीला बसा की." मी ओला कागद पोटाशी धरून तशीच चालत घरी आले.

डॉ. पारसनीसांना मी फोनवर सगळं सांगितलं. 

"खराब झालेली पानं म्हणाला होतात."

"म्हणाले होते."

"मी विचारलं होतं, मालनताई. मी बोट ठेवून विचारलं होतं."

त्यांनी समितीला लिहिलं. समितीचं उत्तर आलं, की नदीत गेलेला कागद हा पुरावा होत नाही. साठ घटनांची तारीख, ठिकाण, नाव आणि साक्षीदार द्या, पुढच्या बैठकीत विचार करू. बैठक दीड महिन्यानं होती. पुण्यात आशियाई स्पर्धेची अंतिम फेरी नऊ दिवसांवर होती आणि त्यात गौतमी होती.

व्यायामशाळेत जाऊन मी दाभोळे सरांना सांगितलं, ही उडी काढून टाका. ते ओरडले. मीही ओरडले. मी त्यांच्या हातातली नोंदवही हिसकली, तर त्यांनी मला दंडाला धरून दाराबाहेर ढकललं आणि मी पायऱ्यांवरून खाली गेले. गुडघा सोलवटला. गौतमीनं ते बघितलं. ती बाहेर आली आणि खडूनं पांढऱ्या झालेल्या हातांनी तिनं मला उठवलं.

"लागलं का, मावशी?"

"ती उडी मारू नकोस गं. गादी खोटं बोलतीय. मीच तिला खोटं शिकवलंय."

मी तिला सगळं सांगितलं. ती ऐकत माझ्या गुडघ्यावरची माती झाडत होती.

"खांदे मागं राहिले तर ना?" ती म्हणाली. "मी राहू देणार न्हाई."

"हिनानं मुद्दाम राहू दिले होते का?"

"हिनाचं नाव काढू नका." तिचा आवाज चिरका झाला. मग ती माझ्याकडे न बघता बोलली. "आजोबांचं नाव शाळेच्या पटावर मास्तरनं कधी धड लिहिलं न्हाई. पपांचं डेपोतल्या बोर्डावर अजून चुकीचं हाय. जपानच्या, अमेरिकेच्या पोरी उद्या म्हणणार, आज आम्ही कांबळे करून बघतो. कांबळे करून बघतो, मावशी. मला एवढंच पाहिजे. मान माझी हाय न्हवं?"

 तिला असं हवं असायला शिकवणारी मीच होते.

स्पर्धेच्या सकाळी डॉ. पारसनीसांनी माझ्या गळ्यात तांत्रिक सल्लागाराचं ओळखपत्र अडकवलं आणि मला गादीच्या कडेच्या खुर्चीवर बसवलं. गादी माझ्या पावलांपासून दीड हातावर होती. त्या गुडघे टेकून केबल तपासल्यासारखं करत म्हणाल्या, "प्रशिक्षक सावरायला आत घुसला तर त्याच्या वजनानं घोळ होऊ नये म्हणून एक सोय आहे. गादीवर दुसरं वजन पडलं की ती हिशेब सोडून देते आणि मऊ होते. चाळीस सहस्रांश सेकंदात."

"आणि उडीला?"

"शून्य. पुन्हा संधी नाही." त्या उठल्या. "मी तुम्हाला काहीही सांगितलेलं नाही."

मी स्वतःला बजावलं. खांदे बरोबर सुटले तर जागचं हलायचं नाही. टाळ्या वाजवायच्या, रडायचं, कांबळे नाव पहिल्यांदा आपण लिहायचं. वही मांडीवर उघडी होती.

गौतमी धावपट्टीच्या टोकाला उभी राहिली. सात हजार माणसं गप्प झाली. तिनं माझ्याकडे बघितलं, मी कुठे बसलेय ते बघितलं, आणि तिच्या कपाळावर एक आठी आली. मग ती धावली.

फळी वाजली. हात टेबलावर पडले आणि सुटले. माझ्या हातानं चिन्ह काढलं. डोळ्यांना दिसलं आणि हातानं लिहिलं, मला मात्र कळायला अजून वेळ होता. मी खाली बघितलं नाही, पण बोटांना ते वळण ओळखीचं होतं. घाटावरून परत आणल्यापासून रोज मी हिनाचं पान उशाशी घेऊन झोपत होते. तेच वळण होतं.

मी पुढे झेप घेतली. त्रेसष्टाव्या वर्षी झेप म्हणजे काय, पडलेच. दोन्ही गुडघे आणि छाती गादीवर आदळली, खालून सगळं एकदम वितळल्यासारखं झालं आणि गौतमी माझ्यावर आली. तिचा गुडघा माझ्या जबड्यावर बसला. हाड मोडल्याचं मला आतून ऐकू आलं. तोंडात रक्त, दात आणि गादीच्या कापडाचा वास, आणि आम्ही दोघी एकमेकींत अडकून त्या चिखलात खाली जात होतो.

मी तिची मान चाचपली. ती हलत होती. तिनं माझा हात झटकला.

"का?" ती किंचाळली. "का? मी उभी राहत होते! दिसत होती गादी मला!"

तिनं माझ्या पांढऱ्या केसांत मूठ घातली आणि माझं डोकं हलवलं, दोनदा, तीनदा. मी तिला हलवू दिलं.

मग माणसं आली. पहिली बाटली खांद्याला लागली. स्टीलची होती, आवाजावरून कळलं. कुणीतरी मला पायाला धरून गादीवरून ओढलं आणि फरशीवर आणलं. बुटांचे पाय पोटात बसले. एक माणूस दर लाथेला "देशद्रोही" म्हणत होता आणि त्याच्या गालावर तिरंगा रंगवलेला होता. गळपट्टीचं हाड गेलं ते खुर्चीच्या पायानं. गर्दीत दाभोळे सरांचा चेहरा दिसला. त्यांनी मला मारलं नाही, कुणाला थांबवलंही नाही. डॉ. पारसनीस अंगावर पडल्या म्हणून मी वाचले. त्यांच्या दोन बरगड्या मोडल्या. मारणाऱ्यांचा मला तेव्हाही राग आला नाही. माझ्याकडे बाटली असती आणि दुसऱ्या कुणी हे केलं असतं, तर मीही नेम धरला असता.

जबडा तारांनी बांधला. मिरजेच्या इस्पितळात सहा आठवडे मी नळीनं जेवले आणि एक शब्द बोलले नाही. पण उजवा हात शाबूत होता. मी साठ पानं पुन्हा लिहायला घेतली. चौतीस वर्षं दुसऱ्यांचे जबाब लक्षात ठेवलेल्या डोक्यात ती सगळी जशीच्या तशी होती. फाडली म्हणजे विसरले, असं थोडंच असतं. एकेका पानाला तारीख, गाव, मुलीचं नाव, कुठलं हाड. डॉ. पारसनीसांनी छातीला पट्टा बांधून त्या गावांत फोन केले, घरं शोधली, जुनी इस्पितळाची कागदपत्रं मिळवली. खालच्याच मजल्यावर हिना होती. तिचे अब्बा रोज तिच्या निर्जीव बोटांखाली तंबोऱ्याची तार धरून छेडायचे आणि विचारायचे, "लगता है कुछ?" त्यांना तोंड दाखवायला मी सोळा दिवस घेतले. गेले तेव्हा त्यांनी मला स्टूल दिलं आणि मान वळवून घेतली.

साठ पानांतल्या चोपन्न पोरींचे खांदे मागे राहिले होते. पंचावन्नावी हिना. नवा हिशेब आला. समितीनं तक्ता मागे घेतला आणि तीन कोलांट्यांवर जगभर बंदी घातली. कांबळे नावाची उडी आता कधीच होणार नव्हती.

गौतमी आली तेव्हा मी पलंगावर टेकून बसले होते. ती उभीच राहिली. डॉ. पारसनीसांना तिनं फोन केला होता, हे मला माहीत होतं.

"अठ्ठावन्न," ती म्हणाली.

मी मान हलवली.

"शंभरातल्या अठ्ठावन्न वेळा मी उभी राहिले असते, मावशी. म्हणजे बहुतेक राहिलेच असते."

मी पाटीवर लिहिलं: बेचाळीस.

तिनं पाटी घेऊन भिंतीवर आपटली. फ्रेम निखळली. बाहेरून नर्स डोकावली आणि गेली. गौतमीचा श्वास वर-खाली होत होता. मग तिची नजर माझ्या वहीवर गेली, पुण्याच्या स्पर्धेच्या. ती तिनं उचलली. माझी चिन्हं तिला लहानपणापासून वाचता येतात, मीच शिकवली होती. धाव, फळी, हात, खांदे. पुढची जागा कोरी होती, माझ्या रक्ताचे डाग तेवढे होते. तिनं खिशातून पेन काढलं आणि त्या कोऱ्या जागी दोन उभ्या रेघा आणि खाली एक आडवी असं चिन्ह ओढलं. म्हणजे, पाय रोवून उभी राहिली.

"राहू दे असंच," ती म्हणाली. आता ती रडत होती. "कुठं छापू नका. कुणाला दाखवू नका. फक्त तुमच्या वहीत राहू दे. मावशी, एवढंच द्या मला."

देवाशपथ सांगते, त्या पोरीला मी माझी मानही दिली असती. पण या वहीतलं प्रत्येक पान आता यंत्रात जाणार होतं, आणि प्रेमानं काय लिहायचं आणि काय फाडायचं हे ठरवण्याचा माझा हक्क हिनाच्या मानेबरोबर संपला होता.

मी तिच्या हातातून पेन घेतलं. ते चिन्ह एका रेघेनं खोडलं, खालचं वाचता येईल असं, कोर्टात खोडतात तसं. मग चिन्हांत नाही, साध्या मराठीत लिहिलं आणि वही तिच्या हातात दिली. माझा जबडा बांधलेला होता. कोर्टाच्या रीतीप्रमाणे जबाब वाचून दाखवावा लागतो, म्हणून तिनंच तो मोठ्यानं वाचला.

"खेळाडू पडली. तिची चूक नाही. उभी राहिली असती की नाही, ते कुणालाही माहीत नाही. पाडणारीचं नाव मालन दत्तू बेडगकर."

 ती पलंगाच्या कडेला बसली, वही गुडघ्यावर घेतली आणि खाली लिहिलं, 'वाचून पाहिले, बरोबर आहे.' त्याखाली तिनं सही केली. सावकाश, पूर्ण नावानं, एकही अक्षर न चुकवता: गौतमी भीमराव कांबळे.